निवृत्त लोकांचा ग्रुप काढला, २६ वरून ९ वर आलोय, काय चुकतंय?

उन्हातली_सावली:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण वाचा आणि मनापासून सांगा.

तीन वर्षांपूर्वी मी रिटायर झाले. पहिले चार-सहा महिने मस्त गेले, मग दिवस खायला उठायला लागला, म्हणून मी आणि माझ्यासोबतच निवृत्त झालेली एक मैत्रीण अशा दोघींनी मिळून हा ग्रुप काढला. ओळखीतून ओळख निघत २६ जण झाले. दर महिन्याला काहीतरी ठरवायचं, कधी बाग, कधी संग्रहालय, कधी नाटक, कधी दिवसभराची सहल. पहिलं वर्ष जोरात गेलं. आणि गेल्या सहलीला आम्ही दोघी धरून फक्त ९ जण! बस मात्र मोठी सांगितलेली होती, त्यामुळे मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या. पैशाचं जाऊ दे, पण परत येताना मी सारखी मागे वळून त्या सीटांकडेच बघत होते.

वॉट्सॲप ग्रुपवर सगळे असतात बरं का. मेसेज टाकला की धडाधड अंगठे येतात, मस्त, छान, नक्की येतो, असं सगळं लिहितात आणि आदल्या रात्री एकेक जण गळायला लागतो. कुणाचा गुडघा, कुणाकडे पाहुणे, कुणाला कणकण. पोल घेऊन पाहिला, कुठे जायला आवडेल म्हणून, १४ जणांनी मत दिलं आणि त्यातले आले ५. विचारलं तर म्हणतात नाही हो, खूप छान चालवताय तुम्ही. अहो मग येत का नाही?

मैत्रीण म्हणते लोकांनाच नको असेल तर आपण कशाला मागे लागायचं. मला ते पटत नाही. आमच्यातले एक काका सात महिने फिरकले नाहीत, परवा रस्त्यात भेटले तर हात हातात घेऊन भर उन्हात अर्धा तास बोलत उभे राहिले, सोडेचनात. त्यांना माणसं नको झालीत असं मला कुणी सांगू नये. पण मग अडतंय कुठे?

बुधवारवाला:
ताई, अकरा वर्षं एक ग्रुप चालवतोय म्हणून अनुभवाने लिहितो. तुमचं पहिलं अडतंय ते "महिन्यातून एकदा" या शब्दांत.

महिन्यातून एकदा म्हटलं की एक खेप हुकली तर माणूस दोन महिन्यांनी भेटणार, तोवर मधले विषय निसटलेले, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला नातू झाला, याला काहीच माहीत नाही, मग तो आला तरी पाहुण्यासारखा बसतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली यावर अभ्यास छापला होता, नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० च्या वर. आता ते आकडे काही निवृत्त लोकांवरून काढलेले नाहीत, पण हिशेब मला पटला. महिन्याला पाच तासांची सहल धरली तर ५० तास व्हायला दहा महिने लागतात, तेही एकही खाडा न करता. आठवड्याला दोन तास भेटलात तर सहा महिन्यांत होतात.

आम्ही काय करतो, तर दर बुधवारी, त्याच जागी, त्याच वेळेला, कार्यक्रम असो नसो. येणार का म्हणून कुणालाच विचारत नाही. दोघे असले तरी दोघे बसतात. माझं तर स्पष्ट मत आहे की "येणार का" या प्रश्नाचंच आपल्या वयाला ओझं होतं. हो म्हणून बसलं आणि त्या दिवशी अंगात ताकदच नसली तर? म्हणून लोक तोंडावर हो म्हणतात आणि रात्री गळतात. बुधवारी कुणी आला नाही तर कुणी हिशेब मागत नाही, पण दोन बुधवार दिसला नाही तर फोन जातोच. सहली आम्हीही काढतो, वर्षाला तीनच, आणि त्याला गर्दी होते कारण सगळे एकमेकांना ओळखत असतात.

आदल्या रात्रीच्या गळतीवर एक उपाय: जोड्या लावून द्या. नवरा-बायको नाही, शेजारपाजारचे. एकाने दुसऱ्याला घ्यायला जायचं. ग्रुपवर "जमणार नाही" टाकणं सोपं असतं, दारात उभ्या राहिलेल्या माणसाला सांगणं अवघड जातं.

लांबची_लेक:
मी निवृत्त नाही, माझे बाबा आहेत, ७१ वर्षांचे. त्यांनीही असाच एक ग्रुप सोडला आणि कारण आम्हाला दीड वर्षाने कळलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

बाबा घरी सांगायचे की तिथे सगळे फालतू गप्पा मारतात, मला रस नाही. आम्हीही मानलं, स्वभाव आहे म्हणून सोडून दिलं. मग एका लग्नात मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि सहज लक्षात आलं, टेबलावर कुणी काही बोललं की बाबा आधी दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघतात, ते हसले की हसतात, ते गंभीर झाले की मान हलवतात. एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता! घरी टीव्ही लागलेला नसताना, समोरासमोर एकटं बोललं की व्यवस्थित ऐकू यायचं त्यांना, म्हणून आम्हाला कधी संशयच आला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मग समजावलं की वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ असली अक्षरं गळतात आणि जाडे आवाज राहतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही. त्यात दहा माणसं एकदम बोलतायत, खोली घुमतेय, पंखा चालू आहे, म्हणजे संपलंच. दोन तास अंदाजाने मान हलवून माणूस दमून जातो हो, आणि दमलो म्हणायची लाज वाटते म्हणून रस नाही म्हणतो.

आता मशीन घेतलंय, सवय व्हायला तीन-चार महिने गेले, मध्ये दोनदा कपाटात पडलं होतं. पण जास्त फरक कशाने पडला सांगू? त्यांच्या नव्या ग्रुपातल्या एका काकूंनी बसायची व्यवस्था बदलली. लांबच्या लांब रांगेऐवजी पाच-सहा जणांची गोलं, बाबांची खुर्ची भिंतीला पाठ करून, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं. बाबा आता दर आठवड्याला जातात. सावलीताई, तुमचे ते काका रस्त्यात एकटे भेटले तेव्हा अर्धा तास बोलले आणि ग्रुपात येत नाहीत, हे वाचून मला पहिली शंका तीच आली.

पायाखाली_बघा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे सगळे साठीच्या पुढचेच लोक येतात. ग्रुप का सोडला ते ग्रुपमध्ये कुणी सांगत नाही, ते माझ्याकडे टेबलावर पालथं पडून सांगतात. आणि नंबर एकचं कारण गुडघा नाही. नंबर एकचं कारण आहे बाथरूम!

खरं सांगते, एक आजी मला म्हणाल्या की सहलीच्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. संध्याकाळी परत येईपर्यंत ओठ एकमेकांना चिकटलेले असायचे त्यांचे. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास, बायकांना खोकलं-हसलं तरी थेंब जातो, आणि बसमध्ये वीस जणांसमोर "जरा थांबवा" म्हणणार कोण? त्यापेक्षा पाहुणे आलेत म्हटलेलं बरं. पाणी न पिणं मात्र धोक्याचं आहे, या वयात तहान आधीच कमी लागते, उन्हात चक्कर येऊन पडलं तर खुबा मोडतो. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढे-मागे करता येते का ते आपल्या डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

उपाय सोपा आहे. कुठेही जायच्या आधी तुम्ही दोघींपैकी एकीने जाऊन बघून यायचं. स्वच्छतागृह कुठे, किती पायऱ्या, कठडा आहे का, बसायला बाक किती अंतरावर. आणि मेसेजमध्ये ते सरळ लिहायचं: "बस दर सव्वा तासाला थांबेल, पायऱ्या ३०, कठडा आहे, दर १०० पावलांवर बाक." कुणाला विचारावं लागू नये. विचारावं लागलं की माणूस येत नाही.

दुसरं, चालायचा वेग. ग्रुप निघाला की धडधाकट लोक पुढे जातात, मागचे धापा टाकत पोचतात, तोवर पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि ते उठून चालायला लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला मिळतच नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, एवढा वेग व्यायामाला पुरतो. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हे तोलाचं बहुतेक ग्रुप विसरतात. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, टाचेला पाऊल लावून चालणं, दहा मिनिटं पुरतात आणि ग्रुपात करायला मजा येते.

आणि हो, संध्याकाळचे कार्यक्रम. अंधारात डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही. सहाला संपणारा कार्यक्रम चारला संपवून बघा, दोन-तीन माणसं तरी परत येतील.

उन्हातली_सावली:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. फिजिओताई, तुमचं वाचून मला एकदम आठवलं, आमच्यातल्या एक काकू कायम बसमध्ये पुढच्या सीटसाठी धडपडायच्या, आम्हाला वाटायचं गाडी लागते त्यांना. आणि एकदा उंचावरच्या ठिकाणी गेलो होतो तेव्हा एक जण म्हणाले तुम्ही जाऊन या, मी बसमध्ये पेपर वाचतो. आम्ही दोन तास वर होतो, फोटो काढत होतो. आता तो पेपर डोळ्यांसमोर येतोय.

उद्यापासून एकेकाला फोन करते. मेसेज नाही, फोन. पण काय विचारू? का येत नाही म्हटलं की पुन्हा तेच, खूप छान चालवताय.

पायाखाली_बघा:
का येत नाही असं विचारूच नका, तो जाब वाटतो. "शेवटचं आला होतात तेव्हा कशाचा त्रास झाला" असं विचारा, म्हणजे त्रास झाला हे तुम्हीच गृहीत धरलंत, त्यांना कबूल करायची वेळ येत नाही.

एकटं_पाखरू:
इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते.

मिस्टर गेल्यावर वर्षभराने मैत्रिणींच्या आग्रहाने एका ग्रुपबरोबर सहलीला गेले होते. सगळे चांगले होते, वाईट कुणीच वागलं नाही. पण बसची सीट दोघांची. एकेक जोडी चढून बसत गेली आणि मी शेवटी उरले, मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे ताईंना कुणीतरी सोबत बसा रे." त्या माणसाच्या मनात काही नव्हतं, काळजीनेच बोलला तो. मी खिडकीबाहेर बघत बसले. जेवायला चार-चारची टेबलं, तिथेही तेच. खोल्या वाटताना "तुम्ही कुणाबरोबर" असं विचारलं. एका दिवसात पाच-सहा वेळा मला सांगावं लागलं की मी एकटी आहे. त्यानंतर गेले नाही, गुडघा दुखतोय सांगत राहिले.

दोन वर्षं गेली अशी. आता जिथे जाते तिथे चिठ्ठ्या टाकून सीट ठरते, जाताना एक आणि येताना दुसरी, जोड्यांनाही वेगळं बसावं लागतं. सुरुवातीला नवरा-बायकोंनी कुरकुर केली, आता त्यांनाच आवडतं. तुमच्या २६ जणांत एकटे किती आहेत ते बघा आणि त्यांच्यातले येतात किती तेही बघा.

रंधा_आणि_पटाशी:
पुरुषांच्या बाजूने थोडं बोलतो. मला कुणी म्हणालं चला गप्पा मारायला, तर मी जात नाही. चाळीस वर्षं नोकरी केली, माणसं कामाच्या निमित्ताने भेटायची, काम बाजूला ठेवून नुसतं भेटायचं कसं ते आम्हाला शिकवलंच नाही कुणी. गोलात बसवून "आता तुम्ही काहीतरी सांगा" म्हटलं की घसा सुकतो.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मेन्स शेड नावाचा प्रकार सुरू झाला, आता तिथे अशा हजाराहून जास्त जागा आहेत आणि इतर देशांतही पसरलंय. एक शेड, त्यात सुतारकामाची, दुरुस्तीची हत्यारं, निवृत्त माणसं येऊन खुर्च्या दुरुस्त करतात, मुलांसाठी खेळणी बनवतात. त्यांचं म्हणणंच आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. मला हे वाचून कुणीतरी माझंच लिहिलंय असं वाटलं.

आम्ही पाच जणांनी तसं छोटं सुरू केलं, एकाच्या रिकाम्या गॅरेजमध्ये. शाळेतले मोडके बाक आणून दुरुस्त करून परत देतो. परवा एक जण फळीला रंधा मारत होता, मी पलीकडून फळी धरली होती, आणि मान वर न करता तो म्हणाला, "डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय." बस एवढंच. मीही मान वर केली नाही, म्हणालो कधी आहे, मी येतो. समोरासमोर बसलो असतो तर तो जन्मात बोलला नसता.

तेव्हा ताई, तुमच्या त्या काकांना कार्यक्रमाला बोलावू नका, काहीतरी काम सांगा. तुमचं अडलंय आणि तुम्हीच करू शकता असं. आणि ते काम खरं असू द्या, उगाच मन राखायला दिलेलं लगेच कळतं.

सरळ_रेघ:
वरचं सगळं बरोबर आहे पण एक बाजू राहिली. सारखं बागा आणि सहली करून काही जण कंटाळतात हो. डोकं चालायला काहीतरी नको का? फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली निवृत्त लोकांसाठी "तिसऱ्या वयाचं विद्यापीठ" सुरू झालं, पुढे १९८२ पासून ब्रिटनमध्ये त्याचंच वेगळं रूप आलं, तिथे प्राध्यापक नेमलेच नाहीत, सभासदच एकमेकांना शिकवतात. ना परीक्षा, ना पदवी. बँकेतून निवृत्त झालेला ऑनलाइन फसवणूक कशी ओळखायची ते दाखवतो, नर्स औषधांचे डबे कसे लावायचे ते सांगते. २६ जणांकडे मिळून नोकरीचा जवळजवळ हजार वर्षांचा अनुभव आहे तुमच्याकडे, तो वापरा. एकेकाला अर्धा तास द्या. शिकवायचं असलं की माणूस आदल्या रात्री गळत नाही.

आणि ९ हा आकडा वाईट नाही. सगळे २६ दर वेळी यायलाच हवेत हा हट्ट मात्र सोडा, तुमचीच तब्येत जाईल.

उन्हातली_सावली:
बारा दिवसांनी लिहितेय. न आलेल्या १७ जणांपैकी १५ जणांशी फोनवर बोलणं झालं, काही फोन तासभर चालले.

कुणालाही ग्रुप नको झालेला नाही. एकालाही नाही. चौघींनी बाथरूमचं सांगितलं, त्यातल्या एकीने तर मी विचारल्यावर आधी रडून घेतलं, मग म्हणाली मला वाटलं हे फक्त मलाच होतंय. तिघांना अंधार पडल्यावर घरी जायची भीती. दोघं घरी आजारी माणसाचं बघतात, त्यांना पूर्ण दिवस बाहेर राहणं शक्यच नाही, दोन तास मात्र जमतात. एकांना दर महिन्याचा खर्च झेपत नव्हता आणि ते सांगता येत नव्हतं. एकटे आमच्याकडे ८ आहेत, त्यातले गेल्या वर्षभरात नियमित आले फक्त २. पाखरूताई, हे मोजलं तेव्हा तुमची आठवण झाली. राहिलेल्यांचं थोडं थोडं सगळंच होतं.

आणि ते काका. इथे लांबच्या लेकीने लिहिलं होतं तेच निघालं, डावा कान जवळजवळ गेलाय. फोनवरही उजवीकडे धरून बोलत होते, मध्येच म्हणाले थांबा हं, हात बदलतो. मी त्यांना म्हटलं, आम्हाला जागा आधी जाऊन बघायला कुणीतरी हवंय, पायऱ्या मोजायला, बाक कुठे आहेत ते लिहून आणायला, तुम्ही सर्व्हेचं काम केलेलं आहे, कराल का? खरंच केलेलं आहे त्यांनी, ३४ वर्षं. काल वही घेऊन आले. एका बागेचा अख्खा नकाशा काढलाय, पट्टीने, पायऱ्यांची उंचीसुद्धा इंचात लिहिलीय, आणि एका कोपऱ्यात फुली मारून "इथे पावसात निसरडं होईल".

महिन्याची सहल तूर्त बंद. दर मंगळवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, त्या बागेतल्या दुसऱ्या बाकापाशी, येणार का म्हणून विचारायचं नाही. मैत्रीण अजून साशंक आहे, ती म्हणते बघू चार आठवडे. परवाच्या पहिल्या मंगळवारी ११ जण होते. काकांना मी उजव्या बाजूला माणसं येतील असं बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, पण जाताना म्हणाले पुढच्या मंगळवारी ही जागा माझ्यासाठी धरून ठेवा.

लांबची_लेक:
वाचून डोळ्यांत पाणी आलं. ताई, त्या नकाशाचा फोटो टाका ना इथे.

उन्हातली_सावली:
विचारते त्यांना. म्हणाले होते अजून पक्का व्हायचाय, उत्तरेकडचं फाटक राहिलंय.